पेंग्विन आयलंड (पर्थ) : बेट लोकांसाठी बंदच करून टाकावं का?

शोलवॉटरकर

पर्थच्या दक्षिणेला तासाभराच्या आत रॉकिंगहॅम लागतं, तिथल्या शोलवॉटरच्या किनाऱ्यावरून सहा-सातशे मीटरवर समोर दिसतं ते पेंग्विन आयलंड. बेट एवढंसं, साडेबारा हेक्टर, म्हणजे एकतीस एकरसुद्धा भरत नाही. चुनखडीचे कडे, खाली गुहा, वर खारं झुडूप आणि सगळीकडे लाकडी पायवाटा, कारण झुडपाखाली बिळं आहेत आणि पाय पडला तर बीळ आतल्या पक्ष्यासकट ढासळतं.

इथे राहतात ते लिटल पेंग्विन. जगातली सगळ्यात लहान जात, उंची शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी जास्त, वजन किलो-सव्वा किलो, पाठ निळसर. अख्ख्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली यांची सगळ्यात मोठी वस्ती इथे होती. होती म्हणतोय कारण 2007 च्या सुमाराला दीड ते दोन हजार पक्षी होते, 2019 च्या मोजणीत तीनशेच्या आसपास निघाले आणि 2023 ला सव्वाशेच्याही खाली. सोळा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त गेले.

धागा काढायचं कारण असं की डिसेंबर आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, आईबाबा आलेत, सासूसासरे आलेत, त्यांना पेंग्विन दाखवायचेत, फेरीबोटीची तिकिटं कुठे मिळतात. आणि लोक मर्सी पॉइंटवरून फेरी पकडून पाच मिनिटांत पोचतात, पेलिकन बघतात, बीचवर डबे उघडतात आणि परत येऊन म्हणतात अहो पेंग्विन कुठे होते? दिवसा पेंग्विन दिसतच नाहीत हो. एकतर समुद्रात असतात नाहीतर बिळात, अंधार पडल्यावर वर येतात आणि तोवर शेवटची फेरी कधीच गेलेली असते, रात्री बेटावर राहायची परवानगी नाही. पूर्वी बेटावर एक डिस्कव्हरी सेंटर होतं, निसर्गात परत सोडता न येणारे थोडे पेंग्विन तिथे ठेवलेले असायचे, लोक ते बघून खुश व्हायचे. तेही आता बंद झालं.

म्हणजे पेंग्विन दिसत नाहीत, पण वर्षाला लाखाच्या आसपास माणसं येऊन जातात. सध्या जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बेट बंद असतं, विणीचा मुख्य हंगाम म्हणून. माझं म्हणणं, बाराही महिने बंद करा. तुम्हाला काय वाटतं?

---

तर्कट

भावना समजल्या पण हिशोब जुळत नाही. ही लाखभर माणसं 2007 लाही येतच होती की, तेव्हा पेंग्विन दोन हजार होते. माणसांनी मेले असते तर तेव्हाच मेले असते. समुद्र तापलाय, मासा गेलाय, तुम्ही बेटाला कुलूप लावून काय होणार? सरकारला सोयीचं होईल एवढंच, बघा आम्ही काहीतरी केलं असं दाखवायला.

---

शैवाल

तर्कट, अर्धं बरोबर आहे तुमचं. मी सागरी जीवशास्त्रात शिकतेय (इथे नाही, पण विषय ओळखीचा आहे) म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

2010-11 च्या उन्हाळ्यात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला सागरी उष्णतेची लाट आली. तेव्हा ला निना (प्रशांत महासागरातला हवामानाचा एक फेर) जोरात होता, त्याने लीउविन प्रवाह बळावला. हा प्रवाह उलटा आहे, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या बाकी खंडांच्या पश्चिम किनाऱ्याला थंड पाणी उत्तरेकडे जातं, पेरू-चिलीला हम्बोल्ट, नामिबियाला बेंग्वेला, आणि इथे मात्र गरम पाणी वरून खाली दक्षिणेला येतं. त्या साली पाणी काही ठिकाणी नेहमीपेक्षा 3 अंशाहून जास्त तापलं आणि ते आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं. बेटावरचे पेंग्विन मुख्यतः व्हाइटबेट खातात, आपल्या मांदेलीसारखा छोटा चकचकीत मासा, जोडीला अँचोव्ही, गारफिश वगैरे. तो मासा किनाऱ्याजवळ मिळेना. पिल्लं असताना पेंग्विनला लांब जाता येत नाही, रोज किंवा एकदोन दिवसाआड परत येऊन भरवायचं असतं, त्यामुळे घराजवळ मासा नाही म्हणजे पिल्लू गेलं, सरळ हिशोब. अंडी उबवताना एक जोडीदार घरी बसतो तेव्हा दुसरा लांब जाऊ शकतो, सॅटेलाइट टॅग लावल्यावर कळलं की ते खाली दक्षिणेला जिओग्राफ बे नावाच्या उपसागरापर्यंत जातात. हे बहुतेक सगळं काम डॉ. बेलिंडा कॅनेल यांचं, त्या कित्येक वर्षं हेच पक्षी मोजतायत, चिप लावतायत, घरट्यांसाठी ठेवलेले खोके तपासतायत.

तर मुख्य कारण समुद्र, मान्य. पण तुम्ही म्हणता 2007 ला माणसं होती तरी पक्षी होते. पोट भरलेल्या पक्ष्याला त्रास झाला तर तो सोसतो, उपाशी पक्ष्याला तोच त्रास झाला की तो घरटं सोडतो. माणसं तेवढीच आहेत, पक्ष्यांची ताकद तेवढी राहिली नाही.

---

तर्कट

हा मुद्दा पटला. तरी बाराही महिने बंद हे पटत नाही.

---

कोकणचो_झील

मस्त धागा. एक शंका, सहाशे मीटरच आहे तर चालत जाता येत नाही का? फोटोत वाळूचा पट्टा दिसतोय, गुडघाभर पाणी वाटतंय.

---

शोलवॉटरकर

बाबा रे नको. तो सँडबार फोटोत गोड दिसतो. वारा फिरला की दोन्ही बाजूंनी लाटा येऊन मध्ये भिडतात, खालची वाळू सरकते, आणि गुडघ्याचं पाणी कधी छातीला लागलं कळत नाही. माणसं बुडून मेलीत तिथे. पाट्या लावल्यात तरी लोक चपला हातात घेऊन, पोराला खांद्यावर बसवून निघतात, त्यात आपली मंडळीही असतात हे लाज वाटून सांगतोय. फेरीचे दोन पैसे वाचवायला जीव घालवू नका.

---

मेलबर्नची_मावशी

आमच्या इथे फिलिप आयलंडला उलट प्रकार आहे, तिथे संध्याकाळी पायऱ्यांवर बसवतात आणि अंधार पडला की पेंग्विन थव्याथव्याने समुद्रातून वर येतात, तुमच्या पायांजवळून चालत जातात. फोटो काढायला सक्त मनाई, मोबाइलसुद्धा खिशात. तिथे वस्ती चाळीस हजारांच्या घरात आहे म्हणतात.

पण तिथेही हे असंच आपोआप झालेलं नाहीये. समरलँड नावाची अख्खी कॉलनी होती त्या टोकावर, घरं, रस्ते, गाड्या, कुत्री, मांजरी सगळं. 1985 पासून व्हिक्टोरिया सरकारने एकेक प्लॉट विकत घ्यायला सुरुवात केली ते 2010 पर्यंत सगळी घरं पाडून जमीन पेंग्विनना परत दिली. पंचवीस वर्षं लागली हो! आपल्याकडे एक अतिक्रमण हटवायला कोर्टात तीन पिढ्या जातात.

माझ्या बहिणीने तिकडे पेंग्विनसाठी स्वेटर विणून पाठवले होते. खरंच. तेलगळती झाली की तेल लागलेला पक्षी चोचीने पिसं साफ करतो आणि ते तेल पोटात जातं, म्हणून धुवून काढेपर्यंत स्वेटर घालून ठेवतात. जगभरातून इतके आले की आता त्यांच्याकडे ढीग पडलाय, तेव्हा लोकर घेऊन बसू नका कोणी :)

---

साधना_क

मावशी, विणायलाच घेणार होते मी! राहूदे मग, नातवाचा करते.

---

भायखळा_लोकल

एवढे लांब कशाला जाताय, राणीच्या बागेत या, एसीत पेंग्विन बघा, वर वडापाव खा.

जोक बाजूला, 2016 ला आणले तेव्हा आठ हम्बोल्ट जातीचे पेंग्विन होते, पहिले काही महिने लोकांना दाखवलेच नाहीत, त्यात एक गेला आणि पेपरात किती गदारोळ झाला होता. मी तेव्हा विरोधात होतो. मुंबईच्या गर्मीत पेरू-चिलीचा पक्षी आणून ठेवायचा हे डोक्यातच जात नव्हतं. आता आमची पोरं दर सुट्टीत तिथे काचेला नाक लावून उभी असतात आणि पक्ष्यांना पिल्लं पण झाली. माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही पण शोलवॉटरकर म्हणतात ते सेंटर बंद केलं त्यात तोटाच झाला असं वाटतं. लोकांना पक्षी दिसतो तेव्हा त्याची काळजी वाटते.

---

शोलवॉटरकर

@भायखळा, मलाही सेंटर बंद झाल्याचं वाईट वाटलं. आधी बेटावरच नवीन मोठं बांधायचं ठरलं होतं, त्याला विरोध झाला की आधीच पक्षी कमी आणि तुम्ही बेटावर बांधकाम काय करताय, मग किनाऱ्यावर मर्सी पॉइंटला बांधू म्हणाले, मग तेही बारगळलं. तिथले पक्षी दुसरीकडे हलवले. आता पर्थ झूमध्ये लिटल पेंग्विन बघायला मिळतात, सासूसासऱ्यांना तिकडे न्या, गाडीने आरामात होतं, सावली आहे, टॉयलेट आहे.

---

वारंनाम्बूलवासी

पेंग्विन आणि लहान बेट म्हटल्यावर आमचं मिडल आयलंड आलंच पाहिजे. व्हिक्टोरियात वारंनाम्बूलच्या किनाऱ्याला चिकटूनच आहे, ओहोटीला पाणी इतकं उतरतं की कोल्हे चालत जातात. आणि कोल्हा म्हणजे इथला नव्हेच, इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी आणून सोडलेला. एक कोल्हा एका रात्रीत डझनांनी पक्षी मारतो, खात नाही, नुसते मारून टाकतो. शेकड्यांनी असलेले पेंग्विन 2005 पर्यंत दहाच्याही खाली आले.

मग जवळच्या एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने, त्यांना सगळे स्वँपी मार्श म्हणतात, असं सुचवलं की माझ्या कोंबड्या मरेमा कुत्रा सांभाळतो तर पेंग्विन का नाही सांभाळणार. मरेमा म्हणजे इटलीतला मेंढ्या राखणारा पांढरा मोठा कुत्रा. लोक हसले. पण 2006 ला कुत्रा बेटावर ठेवला आणि कोल्हे यायचे बंद झाले, पेंग्विन हळूहळू शंभराच्या वर गेले. कुत्र्याला मारामारी करावी लागत नाही, नुसता वास आणि भुंकणं पुरतं.

पुढचं कमी लोक सांगतात. 2017 ला समुद्र खवळलेला होता म्हणून कुत्र्यांना काही दिवस बेटावर नेता आलं नाही, तेवढ्यात कोल्हे शिरले आणि दीडशेच्या आसपास पेंग्विन मारून गेले. इतक्या वर्षांची कमाई एका झटक्यात. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं बेट बंद केलं की झालं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, बंद कुणासाठी? आमचं बेट माणसांना बंदच आहे.

---

शैवाल

वा, हे हवं होतं. प्रत्येक बेटाचा शत्रू वेगळा. पेंग्विन आयलंडला कोल्हा जात नाही पण किंग स्किंक आहेत (मोठा काळा सरडा समजा, अंडी खातो) आणि सिल्व्हर गल आहेत. गल मुळात तिथलाच पक्षी आहे, पण तुमच्या चिप्स आणि कचऱ्यावर त्यांची संख्या फुगते आणि मग ते बाकीच्यांची अंडी-पिल्लं उचलतात.

आणि बोटी! हे कुणी बोललंच नाही. मेलेल्या पेंग्विनची तपासणी केली तेव्हा बोटीची धडक, पंख्याने कापलेले असे बरेच निघाले. पेंग्विन पृष्ठभागालगत पोहतो, पाण्यावर डोकं तेवढं दिसतं, रविवारी संध्याकाळी भरधाव जेट स्कीवाल्याला ते दिसणार आहे का. बेट बंद करून त्याच्या भोवती जेट स्की चालूच ठेवायच्या हा शुद्ध विनोद होईल.

---

फेरीवाला_नाही_पण

मी रॉकिंगहॅमात कॅफे चालवतो (मराठी माणूस कॅफे चालवतो, टाळ्या). बेट पूर्ण बंद केलंत तर फेरी बंद, कयाकवाले बंद, आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक निम्मं. ते म्हणाल पैशाचं बोलतो, तर हो पैशाचंच बोलतो. पण अजून एक बोलतो, इथे नौदलाचं गार्डन आयलंड आहे बाजूला, तिथेही पेंग्विनची वस्ती आहे, तिथे सामान्य माणूस पुलावरून जाऊच शकत नाही. त्या पेंग्विनची नावं कोणी घेतं का? नाही. पेंग्विन आयलंड पेपरात येतं कारण लोकांनी लहानपणी ते बघितलंय. क्विनानाला नवीन कंटेनर बंदर आणायचं चाललंय, गार्डन आयलंड आणि किनाऱ्यामधल्या कॉकबर्न साउंडमध्ये, ड्रेजिंग म्हणजे तळाची वाळू-गाळ उपसणं होणार, आणि गार्डन आयलंडचे पेंग्विन तिथेच मासा पकडतात. त्यावर बोला की. आमच्या टुरिस्टला धरणं सोपं आहे.

---

तर्कट

+1. मला जे म्हणायचं होतं ते कॅफेवाल्या दादांनी म्हटलं.

---

शोलवॉटरकर

दादा, तुमचा कॅफे कुठला ते कळलं बहुतेक, कॉफी चांगली असते :) बंदराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

पण एक सांगा, डिसेंबर ते फेब्रुवारी हा पेंग्विनचा पिसं झडायचा काळ. आधी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात, मग दोन-अडीच आठवडे सगळी पिसं एकदम बदलतात. त्या काळात पाणी पिसांतून थेट कातडीपर्यंत पोचतं त्यामुळे समुद्रात जाता येत नाही, म्हणजे उपास, आणि जमिनीवरच. वर 38-40 चं ऊन. पक्ष्याला 35 च्या पुढे बिळात सहन होत नाही, धापा टाकतो, आणि बाहेर पाण्यात जाऊन थंड व्हायची सोय नाही. उष्माघाताने मेलेले सापडतात. आणि नेमका हाच आपला सुट्टीचा सीझन, सगळ्यात जास्त गर्दी याच दिवसांत. जूनमध्ये बेट बंद करता, जेव्हा थंडीपावसात तसंही कोण जात नाही, आणि जानेवारीत उघडं, हे उलटं नाहीये का?

---

शैवाल

जूनची बंदी उलटी नाही, तेव्हा अंडी-पिल्लं असतात आणि ती गरजेचीच आहे. पण जानेवारीचा मुद्दा बरोबर. कडक उन्हाचा अंदाज असेल त्या दिवशी बेट बंद ठेवायचं धोरण आलंय आता. माझ्या मते ते दिवसागणिक ठरवण्यापेक्षा पिसं झडण्याचा पूर्ण काळ बंद ठेवावा आणि वसंतात उघडावं. कॅफेवाल्या दादांना सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळेल.

---

फेरीवाला_नाही_पण

शाळांच्या सुट्ट्या जानेवारीत असतात ताई. नोव्हेंबरात कोण येतंय.

---

कोकणचो_झील

अजून एक विचारायचं होतं. पेंग्विन सोडून तिथे काय आहे? म्हणजे त्यांच्यामुळे बाकीचे पक्षी कुणी बघतच नसेल.

---

शोलवॉटरकर

झीला, बरोब्बर विचारलंस. खरं बेट बघण्यासारखं बाकीच्यांमुळेच आहे. उत्तरेच्या बाजूला पेलिकनची वसाहत, शेकडो जोड्या, पिल्लं गुलाबी उघडीबोडकी आणि भयंकर कुरूप, आवाज असा की जुन्या काळच्या भुतांच्या गोष्टी आठवाव्यात. पाणकावळे, ऑयस्टरकॅचर. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला येतात ब्रायडल्ड टर्न, म्हणजे आपल्या सुरयच्या कुळातले, पाठ करडी-काळी, कपाळावरून डोळ्यामागे पांढरी रेघ. एप्रिलपर्यंत राहतात आणि मग पार इंडोनेशिया-फिलिपिन्सकडे निघून जातात. पायवाटेच्या कडेला, अगदी झुडपाच्या सावलीत, दगडाच्या कपारीत एकच अंडं घालून बसलेले असतात, तुम्ही हातभर अंतरावरून जाता तरी उठत नाहीत. माणसं त्यांच्याकडे बघतही नाहीत कारण तिकिटावर पेंग्विन लिहिलंय.

इतिहास पण भारी आहे. 1914 च्या सुमाराला मॅकेन्झी नावाचा एक इसम तिथे येऊन गुहेत राहायला लागला, गुहा सजवल्या, ट्रिपला येणाऱ्यांना राहायला देऊ लागला, लोक त्याला बेटाचा राजाच म्हणायचे. तेव्हा पेंग्विन बहुतेक त्याच्या पलंगाखाली अंडी घालत असतील.

---

कोकणचो_झील

अरे ब्रायडल्ड टर्न?! तो आमचा पक्षी आहे. वेंगुर्ला रॉक्सवर त्यांची वसाहत आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात आत खडकांचा पुंजका आहे, दीपगृह आहे वर, त्यातलं एक बर्न्ट आयलंड. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी गेल्या शतकात तिथल्या पक्ष्यांवर लिहून ठेवलंय. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची घरटी असतात, ती लाळेची, सूपसाठी बाहेर विकली जातात म्हणून चोरांनी धुमाकूळ घातला होता, मग चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्यावर काम केलं, पहारा, जनजागृती वगैरे.

आमच्याकडे बंदीचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात समुद्र असा उठतो की होडीच जात नाही, चार महिने बेट आपोआप बंद. बाकीच्या दिवसांत मात्र मालवण-तारकर्लीचं जे झालं ते इथे होऊ नये म्हणून गप्प बसलेलं बरं, हे पण मी लिहायलाच नको होतं.

---

साधना_क

लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही वेंगुर्ल्याचेच आणि हे माहीत नव्हतं.

---

वारंनाम्बूलवासी

शोलवॉटरकर, मूळ प्रश्नावर माझं मत. पूर्ण बंद नको. बेट लोकांच्या नजरेआड गेलं की पैसा बंद होतो. आमच्याकडे कुत्र्यांचा प्रकल्प इतकी वर्षं चालला तो लोकांना कुत्रे आवडले म्हणून, पेंग्विन नंतर. पण माणसं निम्मी करा, तिकीट दुप्पट करा, आणि जो पैसा येईल त्यातून खोके, सावली, बोटींवर वेगाची मर्यादा.

---

तर्कट

तिकीट दुप्पट केलं की आपली मंडळी सँडबारवरून चालत जातील, लिहून घ्या.

---

शोलवॉटरकर

हाहा. हे खरंय दुर्दैवाने.

बरं, निम्मी माणसं आणि पिसं झडताना बंद, यावर माझी तयारी आहे, बाराही महिन्यांचा हट्ट सोडतो. राज्य सरकार सूचना मागवतं तेव्हा इथल्या चारपाच जणांनी तरी लिहा, इंग्रजीत मसुदा मी करतो, शैवाल ताईंनी मासा आणि बोटींचा भाग तपासून द्यावा.

---

शैवाल

देते. बोटींच्या वेगाचा मुद्दा सगळ्यात वर घाला.

---

फेरीवाला_नाही_पण

आणि कॉकबर्न साउंड. नाहीतर मी सही करणार नाही.

---

नवीन_आलोय_पर्थला

सगळं वाचलं. पण माझे सासरे येत्या शनिवारी येतायत, त्यांना पेंग्विन आयलंडच बघायचंय, तिकिटं काढलेली आहेत. काय करू?

---

मेलबर्नची_मावशी

जा की. सकाळची पहिली फेरी पकडा, टोपी, पाणी, डबा घ्या आणि कचरा परत आणा, पेलिकन दाखवा. पेंग्विन दिसणार नाहीत हे मात्र आधीच सांगून ठेवा, सासरे आहेत म्हणून म्हणते.